गयाबाईचं टोपलं आणि माझे पाच सिद्धांत

कॉलेजात पोरं मला माघारी 'पोळा सर' म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तास सुरू व्हायच्या आधी फळ्यावर बैलाचं चित्र निघायचं, आणि मी ते पुसायला लागलो की वर्गात खसखस पिकायची. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीसेक वर्षं समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवलं. 'नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा' असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. बसवतच नाही. बायको म्हणते, "लिहून टाका एकदाचं, नाहीतर फरशी झिजेल." गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला घेतलं की त्यांच्यामागून दुसरंच काहीतरी वर येतं.

आधी धंद्याचं सांगतो. मानवशास्त्र म्हणजे काय हे आमच्याकडे कोणालाच सांगता येत नसे, मलाही पाच मिनिटांत येत नाही. एकदा देवगाव फाट्यावर एस.टी.ची वाट बघत हॉटेलात बसलो होतो. शेजारी एक शेतकरी. म्हणाला, "काय काम करता?" मी म्हणालो, "माणसांचा अभ्यास करतो." त्याने चहाची बशी खाली ठेवली.

"मंग मला सांगा, माझा सख्खा भाऊ चार सालापासून माझ्याशी बोलत न्हाई. का बोलत नसंल?"

"बांधाचं भांडण आहे का?"

"न्हाई."

"बायकांचं काही?"

"न्हाई वो. म्हाईत असतं तर तुमाला कशाला इचारलो असतो?"

मी म्हणालो, मग भावालाच विचारायला पाहिजे. तो हसला आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "बघा, एवढं शिकून हे सांगायलेत!" माझी बस आली म्हणून सुटलो. पण बसमध्ये डोक्यात आलं की नकळत मी त्याला आमच्या शास्त्राचा पहिला नियम सांगितला होता. ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं, त्याला विचारा. इतका साधा नियम, आणि मी स्वतः तो पाळला नव्हता. त्याचीच ही हकिकत आहे.

बी.ए.च्या पोरांना मानवशास्त्रातले सिद्धांत शिकवणं म्हणजे डोकेफोड. पुस्तकांत उदाहरणं सगळी कुठल्या बेटांवरची आणि जंगलांतली. पाथरी-पोखर्णीकडून सायकल मारत आलेल्या पोराने ती का वाचावीत? म्हणून मी एक युक्ती काढली. सगळे सिद्धांत एकाच गोष्टीला लावायचे, आणि ती गोष्ट प्रत्येकाने डोळ्यांनी बघितलेली पाहिजे. मी पोळा घेतला. बैलांचा सण. शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, वेशीपाशी जमायचं, मानाची जोडी पुढे, बाकीच्या मागे.

उत्क्रांतिवादी म्हणतो, सगळे समाज एकच जिना चढतात. जनावराची पूजा ही खालची पायरी. वरच्या पायरीवर कोण उभा असतो? तर हे लिहिणारा स्वतः. प्रसारवाद्याला जिन्याशी घेणं नाही, तो रस्ता शोधतो. पोळा आला कुठून, कोणत्या बाजाराच्या वाटेने, कोणाच्या सोबतीने. प्रकार्यवादी म्हणतो, आला असेल कुठूनही, आज तो काम कोणतं करतो ते सांगा. गाडीच्या चाकाची खीळ बोटभर असते, पण काढली की गाडी बसते. तशी प्रत्येक प्रथा समाजाला धरून ठेवते. संरचनावादी जोड्या लावत बसतो. वेशीच्या आत आणि बाहेर, पुढे आणि मागे, वर आणि खाली. माणसाचं मनच जगाची अशी वाटणी करतं, असं त्याचं म्हणणं. आणि संघर्षवादी एकच प्रश्न विचारतो. यात फायदा कोणाचा?

पोरं रंगायची. मेंढपाळ घरातला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमच्यात बैलच न्हाईत. आमी दिवाळीला मेंढरं रंगवून पळवतो. आमाला कोणता सिद्धांत?" त्यावर अख्खा तास गेला, आणि तो माझा चांगल्यातला चांगला तास. पोखर्णीच्या एकाने पेपरात लिहिलं होतं, 'प्रकार्यवाद म्हणजे मोडकी खाट अजून पडली नाही म्हणून चांगली आहे असे म्हणणे.' मी त्याला दहापैकी चार दिले. आज आठ दिले असते.

चार देण्याचं कारण असं, की मी स्वतः पक्का प्रकार्यवादी होतो. माझी पीएच.डी. त्यावरच उभी होती.

त्या पीएच.डी.साठी मी जिल्ह्यातल्या एका गावात अकरा महिने काढले होते. प्रबंधात आम्ही गावाला खोटं नाव देतो, लोकांना त्रास होऊ नये म्हणून. मी वडगाव म्हटलं होतं, इथेही तेच म्हणतो. उतरलो होतो माणिकराव पाटलांकडे. माणूस रुबाबदार, बोलघेवडा, पाहुण्याला जेवल्याशिवाय उठू न देणारा. मी जातीने त्यांच्या पंक्तीला बसू शकत होतो, म्हणून बसलो. त्यांच्या ओसरीवर माझी सतरंजी कायमची. मला कोणाला भेटायचं असलं की पाटील सालगड्याला पाठवत, आणि तो माणूस ओसरीपाशी हजर होई. मला वाटायचं, काय सोय झाली! नावंगावं, सोयरिकी, मानपान, सगळी माहिती बसल्या जागी मिळायला लागली. काही माणसं ओसरीवर बसून सांगत, काही खाली अंगणात उभी राहून. उभं राहून सांगणाऱ्यांची उत्तरं आखूड असत. मी वहीत लिहिलं, 'मितभाषी.'

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. पूर्वी गावकीची कामं याच लोकांकडे असत, आणि धर्म बदलून वीस वर्षं झाली तरी वडगावात त्यातली काही कामं सुटली नव्हती. पोळ्याला एका घरातल्या माणसाने वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि बैलांपुढे काठी घेऊन चालायचं. संध्याकाळी त्याच घरच्या बाईने टोपलं घेऊन दारोदार फिरायचं आणि पोळी-भाकरी गोळा करायची. त्या घरची बाई म्हणजे गयाबाई. पोळ्याच्या संध्याकाळी ओसरीवरून मी तिला बघितलं. पाटलांच्या सुनेने तिच्या टोपल्यात पोळी टाकली, गयाबाईने टोपलं कपाळाला लावलं. मी लगेच वही उघडली. प्रबंधात ते वाक्य असं उतरलं, 'या भाकरीत देणाऱ्याचे वात्सल्य आणि घेणाऱ्याची निष्ठा एकवटलेली असून गावाचा एकोपा तीवर टिकून आहे.' परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं. प्रबंधाचं पुढे पुस्तक निघालं. पाटलांनी त्याच्या दहा प्रती घेतल्या आणि येईल त्याला दाखवायला लागले, "हे वडगाव म्हंजी आपलंच गाव बरं का!" माझ्या खोट्या नावाचा असा निकाल लागला.

मग नामांतराचं वर्ष आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात घरं पेटली. आमच्या जिल्ह्यातही. त्या दिवसांबद्दल ज्यांनी सोसलं त्यांनीच लिहावं आणि लिहिलंही आहे. मी फक्त वर्गाचं सांगतो. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा एका बाजूचे बाक रिकामे होते. हळूहळू पोरं परत आली, पण पूर्वी शेजारी बसणारी आता मध्ये एक बाक सोडून बसायची. मी शिकवताना त्या मोकळ्या बाकाकडे बघायचं टाळायचो. खिडकीपासून दारापर्यंत चालत शिकवायची सवय मला तेव्हाच लागली.

वडगाव मात्र पेटलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर मला त्याचा अभिमान वाटला. माझं गाव, माझा सिद्धांत! एका तासाला मी वर्गात म्हणालोसुद्धा, "जिथे परस्परांना बांधणाऱ्या प्रथा शाबूत होत्या, तिथे समाज तुटला नाही. वडगावचंच बघा."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. वत्सला. दुसऱ्या वर्षाला होती, फारसं बोलत नसे. ती गयाबाईची मुलगी हे मला तोवर माहीत नव्हतं. अकरा महिने त्या गावात राहून माहीत नव्हतं.

"सर, आमचं गाव पेटलं न्हाई, कारण आमी त्या साली सगळ्याला हो म्हणलो. तोरण बांधलं, टोपलं फिरवलं. ज्यायनं न्हाई म्हणलं त्यायची घरं गेली असतील."

मी काय म्हणालो ते आजही झोपेत ऐकू येतं. म्हणालो, "वैयक्तिक अनुभव आणि सिद्धांत यांची गल्लत करू नये. बसा." ती बसली.

पुढच्या पोळ्याला वस्तीने नाही म्हटलं. वेशीला तोरण लागलं नाही, बैलांपुढे काठी घेऊन कोणी चाललं नाही, गयाबाई टोपलं घेऊन निघाली नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने वस्तीचं दळण घ्यायचं बंद केलं. दुकान बंद, मजुरी बंद. फाट्याला जायची पाऊलवाट पाटलांच्या शेतातून होती, तिथे बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, पडल्या. गयाबाई डोक्यावर ज्वारी घेऊन दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावच्या गिरणीला जायला लागली. वत्सला कॉलेजात यायची थांबली. मला हे सगळं पोरांकडून कळत होतं. मी हळहळत होतो आणि तास घेत होतो.

वस्तीने अर्ज केला तेव्हा नायब तहसीलदारांनी वडगावच्या शाळेत दोन्ही बाजूंना बोलावलं. आणि पाटलांनी मला बोलावणं धाडलं. त्यांचा साडू आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होता, आणि माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच कार्यकारिणीपुढे पडून होती. हे मी आत्ता का सांगतोय? कारण तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शाळेच्या खोलीत एका बाजूला खुर्च्या, एका बाजूला सतरंजी. मी खुर्चीवर. पाटलांनी पुस्तक टेबलावर ठेवून पान उघडून दिलं. "साहेब, हे आमी म्हणत न्हाई. शिकलेल्या माणसानं, इथं राहून, तपास करून लिवलंय. वात्सल्य म्हणलंय. एकोपा म्हणलंय. ह्याच्यात जुलूम कुठंय?"

साहेब घाईत होते. त्यांनी पान वाचलं आणि माझ्याकडे वळले. "सर, मला अजून दोन गावं करायची आहेत. एका शब्दात सांगा. हे टोपलं मर्जीचं आहे का जबरदस्तीचं?"

असा सोपा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. सतरंजीवर गयाबाई होती, शेजारी वत्सला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी घसा साफ केला आणि बोलायला लागलो. प्रकार्यवादी दृष्टीने ही देवाणघेवाण मानावी लागते, म्हणालो. मात्र संघर्षवादी अभ्यासक तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. संरचनेच्या अंगाने आणखी निराळा अर्थ लागतो. मर्जी आणि जबरदस्ती या कल्पनाच मुळात सापेक्ष आहेत. तुलना मोठी नेटकी झाली होती. वर्गात अशी कधी जमली नसेल. दोन्ही पारड्यांत सारखं सारखं टाकत मी दहा मिनिटं बोललो.

गयाबाईने लेकीला हळूच विचारलं, "काय म्हणलं सर?"

"काईच न्हाई, माय," वत्सला म्हणाली.

खोली लहान होती. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'प्रथा परंपरागत व परस्परसंमतीची असल्याचे तज्ज्ञांच्या मतावरून दिसते. उभय पक्षांनी सामोपचाराने घ्यावे.' आणि जीप निघून गेली.

सामोपचार मार्गशीर्षात झाला. वस्तीतली म्हातारी माणसं थकली. पुढच्या पोळ्याला टोपलं फिरेल असा शब्द दिला गेला, तेव्हा गिरणी उघडली आणि वाटेवरच्या बोराट्या निघाल्या. शब्द गयाबाईने दिला होता. लेकीचं वर्ष बुडायला लागलं होतं म्हणून.

वत्सला परत कॉलेजात आली. फेब्रुवारीत मी सराव परीक्षा घेतली. पेपर आधीच्या वर्षीचाच होता, बदलायचं डोक्यातही आलं नाही. तिसरा प्रश्न, 'प्रकार्यवाद आणि संघर्षवाद यांची सोदाहरण तुलना करा.' वत्सलाचं उत्तर मी उभ्याने वाचलं. उदाहरण पोळ्याचंच. माझ्या पुस्तकातलं वात्सल्य आणि निष्ठेचं वाक्य तिने पूर्णविरामासकट उतरवलं होतं. मग संघर्षवाद, तोही माझ्या टिपणांतून, शब्द न् शब्द. शेवटी 'दोन्ही सिद्धांत परस्परपूरक आहेत.' उत्तरात तिची आई कुठेच नव्हती. वस्ती नव्हती, गिरणी नव्हती. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिलाच द्यावे लागले.

मी तिला स्टाफरूमच्या दारात थांबवलं. म्हटलं, "वत्सला, तू हे असं का लिहिलंस? तुला तर यातलं खरं माहीत आहे."

तिने जरा विचार केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "सर, पास व्हायचं होतं म्हणून लिवलं. तुमी बी साहेबापुढं तसंच बोलला होता ना?"

घरी गेलो ते जेवलो नाही. शिव्या दिल्या. आधी तिला, मग पाटलांना, मग त्या साहेबाला, आणि सगळे संपल्यावर स्वतःला. त्यानंतरच्या महिन्यांत मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. एका जागी पाय ठरत नव्हता. प्रकार्यवाद सोडून संघर्षवाद धरावा, पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढावी, असं काहीबाही मनात यायचं. जणू माझ्या सिद्धांत बदलण्याने गयाबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं.

पोळ्याला मी वडगावला गेलो. पाटलांकडे न जाता खाली वस्तीत गेलो. कशाला चाललोय हे धड ठरलं नव्हतं. गयाबाई दारात टोपलं झटकत होती. वत्सला घरात होती, बाहेर आली नाही.

"सर का? या," गयाबाई म्हणाली. तिने मला आपादमस्तक बघितलं. "बघायला आलाव?"

मी म्हणालो, "हो. यावेळी तुमच्यासोबत येतो, चालेल का?"

"चला की. रस्ता काय माझ्या बापाचाय?"

पहिल्याच दारात माझ्यातला संरचनावादी जागा झाला. बाई उंबऱ्याच्या आत, गयाबाई पायरीखाली, भाकरी हातभर वरून टाकलेली. वर आणि खाली, आत आणि बाहेर. जोड्या बरोबर जुळल्या, आणि भाकरी टोपल्याच्या काठावर आपटून चिखलात पडली. गयाबाईने ती उचलून पदराने पुसली आणि टोपल्यात ठेवली. जोड्या लावणाऱ्या माझ्या कोणत्याच पुस्तकात तो चिखल नव्हता.

चालता चालता ती बोलायला लागली. मला सांगत होती असंही नाही, सवयीने बोलत होती. "ही भाकर बघा, एका बाजूनं करपली. सून बाळंतपणातनं उठलीय अन् लगेच चुलीपशी बसवलीय." पुढच्या दारी, "हितं पोळी अर्धीच दिली. औंदा दोघं भाऊ येगळे झाले, दोन चुली पेटल्यात, पर अजून कुणाला सांगितलं न्हाई." आणखी पुढे, "हे कालच्या पिठाचं हाय. ह्या घरचा दाणा सरलाय, पर टोपल्यात टाकल्याबिगर इज्जत ऱ्हात न्हाई." मी थक्क झालो. गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण वाकलंय, कोणाच्या घरात कोणाचे हाल चाललेत, हे सगळं या बाईला भाकरीवरून कळत होतं. अकरा महिने ओसरीवर बसून, दोन वह्या भरून मला जे कळलं नव्हतं ते. सगळ्या वडगावात खरी जाणकार हीच होती, आणि तिला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

"गयाबाई, आणि टोपलं कपाळाला का लावता?" मी विचारलं. वात्सल्य आणि निष्ठेचं सगळं बांधकाम त्या एका कृतीवर उभं होतं.

"डोक्यावर घेताना लावावंच लागतंय," ती म्हणाली. "खालची कापडाची चुंबळ नीट बसाय पायजे ना."

पाटलांच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर पाव्हणेरावळे होते. पाटील उठून उभेच राहिले. "अरे! सर! तिथं काय उभे राहिलाव? वर या, वर या. पोळी गरम हाय."

पाय उचलला गेला. सवय वाईट असते. मी एक पायरी चढलोसुद्धा, आणि मागे वळून बघितलं तर गयाबाई टोपलं पुढे धरून खाली बघत उभी होती. मी पायरी उतरलो.

"पाटील, इथूनच सांगतो," मी म्हणालो, आणि माझा आवाज चिरका निघाला. "साहेबांपुढे मी खोटं बोललो. ही मर्जी नाही. ही जबरदस्ती आहे."

पाटील हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "सणासुदीचं काय काढलाव सर? पुस्तकात तर तुमीच लिवलंय."

"चुकीचं लिहिलंय."

पाटलांच्या सुनेला काय करावं कळेना. ती हातातली पोळी घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तिने ती टोपल्यात टाकली. गयाबाईने टोपलं उचललं, कपाळाशी टेकवून डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. मी मागे मागे. काहीतरी मोठं केल्यासारखा मी ताठ चालत होतो. वाटलं, ती आता काहीतरी म्हणेल, निदान बरं झालं एवढं तरी.

वस्तीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. "आता बोललाव सर," ती म्हणाली. "टोपलं भरल्यावर."

आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत जाऊन मी एक पानाचा जबाब लिहून दिला. त्यात एकही सिद्धांत नव्हता. 'ही प्रथा सक्तीची आहे. मी त्या गावात अकरा महिने राहिलो, परंतु हे काम करणाऱ्या बाईस एकही प्रश्न विचारला नाही. सबब माझे पूर्वीचे मत ग्राह्य धरू नये.' कारकुनाने आवकचा शिक्का मारला आणि कागद फायलीत गेला. माझी कायम होण्याची ऑर्डर त्यानंतर दोन वर्षं रखडली. ही फुशारकी म्हणून सांगत नाही. गयाबाईने जे वाहिलं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

पोळा शिकवणं मी सोडलं नाही. फक्त पाच सिद्धांत फळ्यावर लिहून झाले की सहावी ओळ लिहायचो, 'हे कोणाच्या ओसरीवर बसून सुचलं?' आणि पोरांना त्या ओळीवर भांडू द्यायचो. संघर्षवादालाही मी तोच प्रश्न लावायचो, कारण त्याला गयाबाईवरचा जुलूम दिसला असता, पण करपलेली भाकरी ओळखणारी गयाबाई त्यालाही दिसली नसती. माणसं आपल्या आयुष्याचा काय अर्थ लावतात ते त्यांनाच विचारा, असं म्हणणारा विचार आमच्या अभ्यासक्रमात पुष्कळ उशिरा आला. तो आला तेव्हा मी तास नीट घेतला, पण पोरांच्या डोळ्यांत बघून शिकवायला मला जड गेलं.

वडगावच्या वस्तीने त्याच्या पुढच्या पोळ्याला पुन्हा नाही म्हटलं. गिरणी पुन्हा बंद झाली. या वेळी मला कोणी बोलावलं नाही, ना पाटलांनी, ना वस्तीने. कानावर आलं की परभणीला नोकरीला लागलेल्या वस्तीतल्या पोरांनी डिझेल इंजिनावर चालणारी गिरणी आणून थेट वस्तीतच बसवली. हळूहळू वरच्या आळीच्या बायाही तिथेच दळायला यायला लागल्या, कारण पीठ बारीक निघायचं.

दोनेक वर्षांनी परभणीच्या बसस्टँडवर वत्सला भेटली. बी.ए. होऊन नोकरीला लागली होती, हातात फायली होत्या. आई बरी आहे म्हणाली, टोपलं आता बंद झालं म्हणाली. माझ्या मनात कितीतरी दिवस एक प्रश्न होता. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलाच.

"वत्सला, मी तहसीलमध्ये तो कागद दिला होता. त्याचा काही उपयोग झाला का गं?"

तिची बस लागली होती. ती पायरीवर चढली आणि दाराला धरून मागे वळली.

"झाला असंल सर," ती म्हणाली. "पर आमी त्याच्यावर थांबलो न्हवतो."